दोन चमचे, समभाग पाण्यातून

श्टुटगार्टच्या नाताळ बाजारात ग्लूवाइनचा, म्हणजे मसाले घालून तापवलेल्या वाइनचा, पहिला घोट घेतला की मराठी माणूस एकच वाक्य बोलतो : "अरे, हा तर काढा!" मी इथल्या माझ्या पहिल्या डिसेंबरात बोलले. नवरा माझ्या दोन वर्षं आधी आला होता, तो त्याच्या पहिल्या डिसेंबरात बोलला होता. आता पुण्याहून कुणी नवीन जोडपं आलं, की आम्ही त्यांना मुद्दाम तिथे नेतो, हातात वाफाळता कप देतो आणि ते वाक्य यायची वाट बघत उभे राहतो. येतंच. मग आम्ही जुनी माणसं एकमेकांकडे बघून हसतो. लग्नात भटजींचा ठरलेला विनोद आला की मांडवातले म्हातारे हसतात तसं.

२०१९च्या डिसेंबरात आई आली. तिला मी याच तयारीने नेलं होतं. ती ते वाक्य बोललीच नाही. दुसरंच काहीतरी बोलली, आणि ते अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

आधी थोडं बाजाराबद्दल. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा लागला की जर्मनीत गावोगावच्या चौकांत लाकडी टपऱ्या उभ्या राहतात आणि नाताळाच्या आदल्या दिवसापर्यंत राहतात. ड्रेस्डेनचा बाजार १४३४ पासूनचा. आमच्या श्टुटगार्टच्या बाजाराचा उल्लेख १६९२ सालच्या कागदात सापडतो. जुन्या राजवाड्याभोवतीच्या चौकांपासून मार्क्टप्लात्सपर्यंत टपऱ्यांच्या रांगा असतात, आणि इथे बघायची असतात ती त्यांची छपरं. खाली विकायला मेणबत्त्या नाहीतर लोकरी मोजे, आणि वर देवदूत, हरणं, सुचिपर्णी फांद्या, अख्खे देखावे. गणपतीतल्या मंडळांसारखी चुरस असते. नाताळाची कार्डं बघून लोकांना वाटतं, सगळीकडे बर्फ असणार. बर्फ क्वचित. बहुधा भुरभुर पाऊस, दोन-तीन अंश तापमान, आणि साडेचारला मिट्ट काळोख.

असल्या हवेत इथला माणूस एरवी रस्त्यात थांबत नाही. त्यातून हा श्वाबेन प्रांत. माणसं मोजकं बोलणारी, मोजून खर्च करणारी. इमारतीचा जिना झाडायची पाळी ठरलेली, पाळी कुणाची ते सांगणारी पाटी त्या आठवड्यात त्याच्या दाराला लटकते. आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आजींची आणि माझी पहिल्या वर्षभरात जी काही ओळख झाली ती या पाटीपुरती. त्या पाटी माझ्या दाराला लावायच्या, मी आठवड्याने पुढच्या दाराला. पुणेकरांना हा मुलूख परका वाटत नाही म्हणतात ते काही उगीच नाही.

त्याच आजी मला त्या वर्षीच्या डिसेंबरात बाजारातल्या शिलरप्लात्स चौकात एका उंच टेबलाशी उभ्या दिसल्या. हातात कप, गाल लाल, आणि शेजारच्या अनोळखी बाईला आपल्या मणक्याच्या ऑपरेशनची साद्यंत हकिकत सांगताहेत. मला बघून त्यांनी कप उंचावला, बाजूला सरकून जागा केली, आणि ऑपरेशन माझ्यासाठी पहिल्यापासून सुरू झालं. वर्षभरात बोलल्या नव्हत्या तेवढं त्या अर्ध्या तासात बोलल्या. दुसऱ्या दिवशी जिन्यात पुन्हा नुसतं "ग्र्युस गॉट".

तेव्हापासून माझं एक मत झालंय, जर्मन मित्रमैत्रिणींना ते पटत नाही. ग्लूवाइन हे पेय म्हणून यथातथाच आहे. बाजारात मिळणारी वाइन साधी असते, साखर इतकी घातलेली असते की वाइन साधी आहे हे कळूही नये. चांगली वाइन तापवणं हा गुन्हाच, असं इथले द्राक्षवाले स्वतःच म्हणतात. पण कडाक्याच्या थंडीत उघड्यावर, बसायला जागा नसताना, माणसांनी तासभर एकमेकांशेजारी उभं राहावं यासाठी हातात काहीतरी गरम लागतं. आपल्याकडे ते काम टपरीवरचा कटिंग बारा महिने करतो. इथे वर्षातले चार आठवडेच परवानगी आहे, म्हणून माणसं तुटून पडतात.

आई आली तेव्हा तिचं पहिलं लक्ष गेलं कपाकडे. ग्लूवाइन कागदी पेल्यात देत नाहीत, चिनी मातीच्या कपात देतात, आणि त्या कपापोटी वेगळे तीन-चार युरो अनामत घेतात. त्याला म्हणायचं प्फांड. कप परत केला की पैसे परत. आमच्या कपावर जुन्या राजवाड्याचं चित्र होतं. आईने तो उलटसुलट करून पाहिला.

"म्हणजे परत नाही दिला तर कप आपला?"

"हो, पण पैसे जातात."

"तीन-साडेतीनशेत असा कप निफाडला तरी मिळून राहिला का?" असं म्हणून तिने तो रिकामा होण्याआधीच आपला करून टाकला.

तिच्यासाठी मी किंडरपुन्श घेतलं होतं. म्हणजे पोराबाळांचं, बिनदारूचं. फळांचा रस, तेच मसाले, तसंच गरम. शेजारच्या टपरीवर फॉयरत्सांगेनबोवले चाललं होतं : तांब्याच्या मोठ्या पातेल्यात वाइन, वर आडव्या पट्टीवर साखरेचा हातभर शंकू, त्यावर कडक रम ओतून काडी लावलेली. निळी ज्योत साखरेवरून खाली उतरते आणि वितळलेले जळते थेंब वाइनमध्ये टपटप पडतात. ऊस लावणाऱ्या घरातल्या बाईला ते बघवलं नाही. "साखर जाळतात होय गं हे लोक?" पण डोळे ज्योतीवरून हलत नव्हते.

मग ती म्हणाली, "तुझ्यातलं दे बरं जरा."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो पटकन दुसरीकडे बघायला लागला. आईने माझा कप घेतला, आधी नाकाशी धरला, मग एक घोट घेतला, जिभेवर ठेवला, गिळला. आम्ही दोघं वाक्याची वाट बघत होतो.

"आत्याबाईंचं द्राक्षासव," आई म्हणाली.

आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई. माझी आजी.

*

आमचं गाव निफाड तालुक्यात. आजीच्या गळ्यात तुळशीची माळ होती, लग्नाआधीपासूनची. कांदा-लसूण चालायचा, पण दारू हा शब्दही ती उच्चारत नसे. "ते" म्हणायची. "तो ते घेतो." आणि या बाईच्या खोलीत, देवघराशेजारच्या फडताळात, पंचांग आणि चष्म्याच्या मध्ये, तपकिरी काचेची एक बाटली कायम असायची. रात्रीचं जेवण झालं की दोन चमचे द्राक्षासव, समभाग पाण्यातून. वैद्यांनी कधीकाळी भूक लागत नाही म्हणून दिलेलं. भूक पुढे लागायला लागली, बाटली तशीच राहिली. आम्हा नातवंडांना परीक्षेच्या दिवसांत अर्धा चमचा मिळायचा. गोड, किंचित तुरट, घशातून उतरताना गरम, आणि मागे राहणारा दालचिनी-वेलदोड्याचा वास. तो अर्धा चमचा मिळावा म्हणून मी सहावीत खोटा खोकला काढलेला आहे.

त्या रात्री घरी आल्यावर मी त्यात काय काय असतं ते शोधून वाचलं. वैद्यकात दोन प्रकार आहेत : न उकळता आंबवलं तर आसव, आधी काढा करून मग आंबवलं तर अरिष्ट. आजी दोन्हीला द्राक्षासवच म्हणायची. द्राक्षारिष्टाची कृती साधारण अशी. मनुका पाण्यात उकळून पाणी आटवायचं, चौथा हिस्सा उरवायचा. गार झालं की गूळ. मग दालचिनी, वेलदोडा, तमालपत्र, नागकेशर, मिरी, पिंपळी, वावडिंग, गव्हला. आंबवायला धायटीची फुलं. भांड्याचं तोंड बंद करून महिनाभर ठेवून द्यायचं. गुळाचं आणि द्राक्षाचं काय व्हायचं ते आत होतं. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते स्वनिर्मित मद्यार्काचं प्रमाण, साधारण पाच ते दहा टक्के.

आता ग्लूवाइन. युरोपियन युनियनच्या नियमानुसार हे नाव लावायचं तर पेय लाल किंवा पांढऱ्या वाइनचंच हवं, चव मुख्यतः दालचिनी किंवा लवंगेची हवी, वरून पाणी घालायचं नाही, आणि मद्यार्क कमीत कमी सात टक्के हवा. म्हणजे माझी माळकरी आजी आणि आमच्या खालच्या मजल्यावरच्या श्वाबियन आजी जवळजवळ एकाच ताकदीचं पेय घेत होत्या. फरक मापात. बाजारातला कप २०० मिलिलिटरचा. आजीच्या चमच्याने मोजलं तर तिला वीस रात्री पुरला असता.

आणि एक क्रमाचा फरक. आपण आधी काढा करतो आणि त्याची दारू होऊ देतो. इथे आधी दारू होते, मग तिचा काढा. तोही पुरता नाहीच, कारण ग्लूवाइनला उकळी फुटू द्यायची नसते. मद्यार्क ७८ अंशांना उकळतो, त्याच्या बऱ्याच अलीकडे आच थांबवायची. उकळलं की अल्कोहोल वाफेबरोबर जातं, लवंग कडवट होते आणि वाइनला शिजवलेल्या जॅमचा वास येतो. घरी करायचं तर मी आधी वाटीभर वाइनमध्ये साखर, दालचिनीचे दोन तुकडे, चार लवंगा, एखादं चक्रीफूल आणि संत्र्याची साल मंद आचेवर मुरवते, बाकीची वाइन नंतर ओतते आणि कडेला बारीक बुडबुडे दिसायला लागले की गॅस बंद. लवंगा चारच. पाचव्या लवंगेनंतर दातदुखीची आठवण येते. आमच्या चहा उकळायच्या सवयीला हे फार जड जातं. नवऱ्याने एकदा आलं ठेचून घालून पाच मिनिटं खळखळून उकळलं होतं, ते आम्ही औषध म्हणून संपवलं.

तर नवीन येणारी पोरं "काढा" म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. आईने उरलेलं अर्धं ओळखलं, एका घोटात. तिला बाटली आठवली होती.

*

"पण मग आजी वाइनच घेत होती की," असं मी घरी परतताना ट्राममध्ये म्हटलं, तर आई एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "ते औषध होतं." जरा वेळाने, खिडकीबाहेर बघत : "तुझ्या अण्णांनीही तेच म्हणून पाहिलं होतं त्यांना."

ती हकिकत मला माहीत होती, या बाजूने दिसली नव्हती. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि नाशिक जिल्ह्यात वाइनची हवा सुरू झाली. खाण्याच्या द्राक्षापेक्षा वाइनचं द्राक्ष कमी लाडाचं. घडाची विरळणी नको, मण्याचा आकार नको, निर्यातीची कटकट नको, आणि भाव आधीच करारात लिहिलेला. आमच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, दीड एकरावर शिराज लावायचं ठरवलं. आजीने जेवण सोडलं. दोन दिवस. "माळकऱ्याच्या घरात त्याची द्राक्षं?" अण्णा समजावत होते की वाइन वेगळी आणि दारू वेगळी. पुढे वीस वर्षांनी, २०२२ साली, किराणा मालाच्या मोठ्या दुकानांत वाइन ठेवू देण्यावरून अख्खा महाराष्ट्र याच वाक्यावर भांडला. आमच्या घरात ते भांडण आधीच होऊन गेलं होतं. त्या भांडणात अण्णांनी देवघराशेजारच्या फडताळाकडे बोट दाखवलं होतं, असं आई आता सांगत होती. आजीने उठून बाटली मोरीत ओतली. आठवड्याने अण्णांनीच नवी आणून गुपचूप जागेवर ठेवली. तिने ती घ्यायला सुरुवात केली, आणि शिराज लागलं. कुणीच कुणाला काही बोललं नाही.

पाच-सहा वर्षं बरी गेली. मग मंदी आली, वाइन पिंपात पडून राहायला लागली, आणि करार करणाऱ्या कंपनीने एका वर्षी माल उचललाच नाही. शिराजचा मणी लहान, जाड सालीचा, बियांचा. बाजार समितीत त्याला कोण विचारणार? अण्णांनी बाग तोडली आणि पुन्हा खाण्याचं थॉमसन लावलं. तोडलेल्या खोडांचा ढीग घराच्या मागे बरेच दिवस होता. दोन हिवाळे आमचा अंघोळीचा बंब शिराजवर तापला. आजी पहाटे उठून स्वतः त्यात खोडं सारायची, आणि मला वाटतं, त्या जाळाचा वास तिला आवडत असावा.

*

शाळेत असताना आमची सहल पांडवलेण्यांना गेली होती. सगळ्या सहली तिथेच जायच्या. दहा नंबरच्या लेण्यात भिंतीवर ब्राह्मीत मोठमोठे लेख आहेत, ते नहपान राजाच्या जावयाने, उषवदाताने कोरवून घेतलेले. कोणाला किती गायी दिल्या, कुठे घाट बांधला, भिक्षूंच्या वस्त्रांसाठी किती पैसे व्याजाने लावले, असा सगळा हिशोब. सरांनी आम्हाला गायींचा आकडा पाठ करायला लावला होता. तीन लाख.

हे सरांनी मला कधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं : याच नहपानाला, असं इतिहासकार मानतात, पश्चिमेचे व्यापारी उत्तम वाइन आणून देत. पहिल्या शतकातल्या कुणा अनामिक ग्रीक बोलणाऱ्या खलाशी-व्यापाऱ्याने आपल्या किनाऱ्याचं टिपण लिहून ठेवलंय, 'पेरिप्लस' नावाने ते ओळखलं जातं. सोपारा आहे त्यात, कल्याण आहे, पैठण आहे, तेर आहे. भडोच बंदरात काय खपतं त्याच्या यादीत पहिली वाइन आहे, त्यातही इटलीची जास्त पसंत. आणि राजासाठी वेगळी यादी : चांदीची भांडी, गाणारी मुलं, उंची वाइन. ज्या दोन कानांच्या मातीच्या कुंभांतून, अँफोरांतून, ती यायची त्यांची खापरं प्रवरेकाठी नेवाशाच्या उत्खननात निघाली. नेवासं म्हणजे आमच्यापासून काही तासांची वाट. एसटीने पंढरपूरला निघालेली आजी त्या वाटेने कितीदा गेली असेल.

आणि इथून तिकडे? मिरी तर गेलीच, पण मला भुरळ पडली ती तमालपत्राची. ग्रीकांनी ते नाव ऐकलं आणि सुरुवातीचा 'त' त्यांना आपल्या भाषेतलं बहुवचनाचं उपपद वाटला. त्यांनी तो काढून टाकला. उरलं मालाबाथ्रोन. लॅटिनमध्ये मालाबाथ्रम. रोमच्या प्लिनीने, व्हेसुव्हियसच्या उद्रेकात इ.स. ७९ मध्ये जो गेला त्याने, या पानाबद्दल लिहून ठेवलंय की वाइनमध्ये टाकून ती जराशी कोमट केली तर त्याच्यासारखा सुगंध दुसऱ्या कशाला नाही.

जराशी कोमट. उकळू नका, हे त्यालाही माहीत होतं.

हे वाचल्यावर मी आमच्या मिसळणाच्या डब्याशेजारच्या बरणीतलं एक तमालपत्र काढलं आणि तापत्या वाइनमध्ये टाकलं. इथल्या दुकानात मिळणारं लॉरेलचं पान घालून उपयोग नाही, ते वेगळं झाड. लांब तीन शिरांचं आपलंच हवं. आईने बरोबर आणलेलं होतं, गरम मसाल्याच्या कोरड्या सामानात. प्लिनीशी मी अगदी सहमत आहे असं म्हणवत नाही. पण स्वयंपाकघरात जो वास सुटला त्यात पुलाव होता, आणि पुलावाच्या मागे कुठेतरी ती तपकिरी बाटली होती. आईने दारातून विचारलं, "काय करून राहिली?" आणि उत्तराची वाट न बघता कप घेऊन आली. राजवाड्याचा.

ती परत जाण्याआधी आम्ही तिला श्टुटगार्टच्या कडेच्या टेकड्यांवर नेलं. या शहरात द्राक्षबागा अगदी वस्तीला खेटून आहेत, चढावर पायऱ्यापायऱ्यांनी. ट्रोलिंगर नावाचं फिकट लाल द्राक्ष इथलं, त्याची वाइन इथलीच माणसं पिऊन संपवतात, बाहेर फारशी जातच नाही. बागायतदाराला वर्षातून चार महिने घरातच स्वतःची वाइन विकायची मुभा असते, चाळीस खुर्च्यांपुरती, आणि ती सुरू आहे ही खूण म्हणजे दाराबाहेर टांगलेला झाडू. आई त्या झाडूसमोर थबकली. "लक्ष्मीला असं उलटं टांगतात?" पण तिला खरा धक्का बसला तो बागेत. सगळ्या वेली उघड्याबोडक्या, काळी खोडं, एक पान नाही.

"मेली का सगळी?"

"झोपलीत. एप्रिलमध्ये फुटतील."

ती बराच वेळ हात खोडावर ठेवून उभी होती. आमच्याकडे द्राक्षाला झोपच नसते. एप्रिलमध्ये छाटा, ऑक्टोबरमध्ये पुन्हा छाटा, आणि ऐन थंडीत वेलीवर घड. म्हणून आमच्याकडे थंडीची भीती आणि इथे नाही, हे मलाही तिथेच, त्या क्षणी कळलं. इथे उणे पाचातही वेलीला काही होत नाही. निफाडला पारा पाचावर आला की गावाची झोप उडते. मण्यांची फुगवण थांबते. हिरव्या मालावर गुलाबी झाक येते, त्याला पिंक बेरी म्हणतात, निर्यातवाला तो हातात घेत नाही. साखर भरलेला मणी पहाटेच्या गारठ्यात तडकतो, आणि एकदा तडा गेला की गेला. मग रात्री बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवायच्या, ओला पालापाचोळा टाकून धूर करायचा, पहाटे विहिरीचं पाणी सोडायचं कारण ते हवेपेक्षा उबदार असतं.

"इथे माणसांना शेकावं लागतं," आई उतारावरून खाली येताना म्हणाली, "आपल्याकडे द्राक्षांना."

*

पुढच्या डिसेंबरात बाजार भरला नाही. २०२०. टपऱ्या नाहीत, छपरांवरचे देवदूत नाहीत. काही ठिकाणी लोक बंद दुकानांसमोर कागदी पेल्यांतून ग्लूवाइन विकत-पीत उभे राहायला लागले, तेही मग थांबवावं लागलं. ९ डिसेंबरला चॅन्सेलर मेर्केल संसदेत बोलल्या. एरवी थंड, मोजून बोलणाऱ्या बाई. त्या दिवशी हात जोडून, आवाज चढवून बोलत होत्या. ग्लूवाइनच्या आणि वाफलच्या टपऱ्यांची लोकांना किती ओढ आहे ते मला कळतं, मनापासून वाईट वाटतं, पण त्याची किंमत रोज ५९० मृत्यू असेल तर ती मान्य करता येणार नाही, असा त्याचा आशय होता. देशाच्या संसदेत ग्लूवाइन हा शब्द, आणि तो असा. मी कामाच्या मध्ये लॅपटॉपवर ते बघत होते. मी ज्याला यथातथा पेय म्हणते त्याच्यावाचून काय अडतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळलेलं होतं.

घरी करून बघितलं त्या वर्षी. चांगली वाइन आणली, लवंगा मोजून चार. चव बाजारापेक्षा कितीतरी बरी होती. नवरा सोफ्यावर, मी खुर्चीत. दहा मिनिटांत संपलं आणि आम्ही उठून भांडी घासली.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी दार वाजलं. उघडलं तर जिन्यात कुणी नव्हतं. पायरीवर थर्मास होता आणि त्याच्या बुडाशी जिना झाडायची पाटी टेकवलेली. म्हणजे पाळी आमची, आणि सोबत हे. खालून दार किंचित उघडं ठेवून आजींनी ओरडून सांगितलं की दोन कप आहेत, तिसरा त्यांच्याकडे आहे. मग आम्ही वरच्या पायऱ्यांवर बसलो, त्या खाली आपल्या दारात खुर्ची टाकून, मध्ये एक अख्खा मजला. मणक्याचं ऑपरेशन पुन्हा ऐकलं. या वेळी मी मधले प्रश्न बरोबर विचारले.

दुकानातली बाटलीतली ग्लूवाइन होती ती. बाटलीतल्या ग्लूवाइनची इथे टिंगल होते, पण तिलाही इतिहास आहे. १९५६ साली आउग्सबुर्गच्या एकाने ती पहिल्यांदा बाटलीत भरून विकली, आणि वाइनमध्ये साखर घातली म्हणून त्याला दंड झाला म्हणतात. गोडमिट्ट होती, दात आंबले. आम्ही थर्मास पुरता संपवला.

*

गेल्या डिसेंबरात एका रात्री बाजार बंद व्हायची वेळ झाली होती, नऊ वाजत आलेले, मी कप परत करायच्या रांगेत. फोन वाजला. दादाचा व्हिडिओ कॉल. निफाडला तेव्हा दीड वाजला असणार. शेतीपंपाची लाइट त्या आठवड्यात रात्रीची होती, म्हणून तो बागेतच होता. पडद्यावर आधी नुसता धूर, मग मांडवाखालून जाळाचा लाल उजेड, मग मफलरमधून डोकावणारं त्याचं नाक.

"किती आहे तिकडे?"

"उणे एक. तुमच्याकडे?"

"कुंदेवाडीचा आकडा सकाळी येईल. हाताला तरी पाचच्या खाली वाटतंय."

कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे, निफाडचं तापमान म्हणून पेपरात छापून येतं ते तिथलं. दादाला त्या आकड्याचा कायम राग. त्याच्या मते आमची बाग त्याहून एक अंशाने गारच असते.

"तुमच्या बागा काय म्हणतात?"

"झोपल्यात."

"मजा आहे बुवा." त्याने फोन दुसऱ्या हातात घेतला आणि कपातला चहा प्यायला. जाळाच्या उजेडात कपावरचा राजवाडा लख्ख दिसला. कानाला एक टवका गेला होता.

"अरे, तो आईचा कप बागेत कशाला नेलास?"

"हात शेकतात याने. स्टीलच्याने चटका बसतो."

"जपून वापर. त्याचं प्फांड अडकलंय माझं."

"किती?"

मी सांगितलं. रुपयांत करून सांगितलं. तो हसायला लागला तेवढ्यात मागून कुणीतरी त्याला हाक मारली, पलीकडच्या ओळीतली शेकोटी विझत आली होती. त्याने कप बांधावर ठेवला, फोन खिशात टाकला, बंद करायला विसरला, आणि मला बराच वेळ नुसता पाचोळ्याचा आवाज येत राहिला. रांग पुढे सरकली होती. काउंटरवरची मुलगी हात पुढे करून माझ्या कपाची वाट बघत होती.